प्लग बदलूनही गाडीचे मिसिंग परत येत असेल तर मूळ दोष कसा शोधावा

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणारी गाडी स्लोवर, म्हणजे उभी असताना अॅक्सिलरेटर न दाबता, थरथरू लागली, चढावर पिकअप घेताना झटके खाऊ लागली आणि मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे प्लग बदलणे. हा उपाय स्वस्त आहे, घरी करता येतो आणि पुष्कळदा त्याचा लगेच गुणही येतो. अडचण पुढे सुरू होते. काही आठवड्यांनी किंवा पहिल्या जोरदार पावसात तेच मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे, परत येते, पुन्हा प्लग बदलले जातात, पुन्हा गाडी काही काळ बरी चालते आणि हल्लीचे प्लगच टिकत नाहीत असा मालकाचा समज पक्का होतो. या फेऱ्यात जे अडकले आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वात आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडची धार जितकी तीक्ष्ण आणि दोन इलेक्ट्रोडमधली गॅप जितकी कमी, तितक्या कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. प्लग झिजला, कडा गोल झाल्या, गॅप वाढली, की त्याच ठिणगीसाठी कॉइलला कितीतरी अधिक व्होल्टेज तयार करावे लागते. नव्या प्लगला साधारण दहा ते पंधरा हजार व्होल्ट पुरत असतील, तर झिजलेल्या प्लगला ते वीस-पंचवीस हजारांच्या घरात लागू शकतात. आता समजा, कॉइल अशक्त झाली आहे किंवा तिला प्लगशी जोडणाऱ्या रबरी नळीतून, म्हणजे बुटातून, वीज गळते आहे. झिजलेल्या प्लगवर अशी कॉइल हार मानते, पण नवा प्लग बसवताच तिच्यावरचा भार उतरतो आणि तीच अशक्त कॉइल काही काळ काम निभावून नेते. म्हणून प्लग बदलल्यावर गाडी सुधारली एवढ्यावरून दोष प्लगचाच होता असे सिद्ध होत नाही. मिसिंग परत आले असेल, तर दोष दुसरीकडे असण्याची शक्यता बरीच वाढते आणि काढलेला जुना प्लग हाच तो दोष शोधण्याचा सर्वात चांगला पुरावा असतो. दुर्दैवाने नेमका तोच प्लग न पाहता कचऱ्यात टाकला जातो.

गाडी केव्हा मिसिंग करते, हे आधी लिहून काढा

पाना हातात घेण्यापूर्वी लक्षणांची वेळ ठरवावी. मिसिंग सकाळी थंड इंजिनावरच होते की इंजिन तापल्यावर, फक्त स्लोवर की भार पडल्यावर, कोरड्या दिवशीही की केवळ पावसात, या प्रश्नांची उत्तरे निम्मे काम करतात. भार पडल्यावर, म्हणजे घाटात किंवा चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच झटके बसत असतील, तर संशय प्रथम ठिणगीवर घ्यावा, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीसाठी लागणारे व्होल्टेजही वाढते. उलट स्लोवर थरथर आणि वेग घेतल्यावर सर्व सुरळीत असे चित्र असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, कुठेतरी चोरून हवा शिरत आहे किंवा एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत मिश्रण दाबले जाण्याचा दाब, कमी झाले आहे, असे समजून चालावे.

सीएनजी गाडीच्या मालकाजवळ एक तपासणी फुकट उपलब्ध आहे. गाडी थोडे अंतर पेट्रोलवर आणि थोडे अंतर सीएनजीवर, त्याच रस्त्यावर आणि त्याच भाराने चालवून पाहावी. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे कॉइल, बूट किंवा प्लग यांतील दुबळेपणा सीएनजीवर आधी उघडा पडतो. केवळ सीएनजीवर मिसिंग असेल तर प्रज्वलनाची बाजू आणि त्यानंतर गॅसचा फिल्टर व गॅसचे इंजेक्टर तपासावेत. केवळ पेट्रोलवर असेल तर प्लगला हात लावण्याचेही कारण नाही, कारण तेच प्लग गॅसवर उत्तम चालत आहेत. अशा वेळी न वापरल्यामुळे चिकट झालेले पेट्रोल इंजेक्टर किंवा टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल यांकडे पाहावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तेच पाच-सात लिटर पेट्रोल संपूर्ण पावसाळा टाकीत ठेवणे म्हणूनच योग्य नाही. दोन्ही इंधनांवर सारखेच मिसिंग असेल, तर दोष दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे ठिणगीत किंवा इंजिनाच्या आतल्या यांत्रिक भागांत आहे.

मोबाइलला जोडता येणारा, इंजिनाचे दोषाचे कोड वाचणारा छोटा ओबीडी स्कॅनर जवळ असेल तर कोड पाहून ठेवावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसफायर (मिसिंग), पी०३०२ दुसऱ्याचे, असा क्रम आहे. पी०३०० म्हणजे मिसफायर कुठल्या एका सिलिंडरपुरते नाही, आणि तिथे इंधनाचा दाब, पेट्रोलमधले पाणी, इनटेकची गळती अशी सर्वांना सारखी लागू होणारी कारणे आधी पाहावी लागतात. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत पट्ट्याच्या बाजूचा सिलिंडर पहिला असतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ते पडताळावे. कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही वाचावा, कारण त्या क्षणी इंजिन किती तापलेले होते, आरपीएम किती होता आणि भार किती होता हे त्यात नोंदलेले असते.

चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर मात्र गाडी चालवत राहू नये. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. त्याची किंमत प्लग आणि कॉइल या दोन्हींच्या कितीतरी पट असते.

प्लग काढताना घ्यायची काळजी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि गरम असताना प्लग पिळून काढला तर हेडमधले आटे त्याच्यासोबत बाहेर येण्याचा धोका असतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी हे काम करणे सर्वात सोयीचे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा आधी काढावा लागतो, काहींत वरचे प्लास्टिकचे झाकण नुसते उचलले की कॉइल समोर येतात.

प्रत्येक कॉइलच्या कनेक्टरला एक बारीक कुलूप असते. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लास्टिक काही वर्षांत ठिसूळ होते, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याऐवजी कनेक्टर आधी किंचित आत ढकलावा, मग कुलूप दाबावे आणि नंतर बाहेर ओढावा. वायर धरून ओढू नये. कॉइलचा बोल्ट बहुधा १० च्या पान्याचा असतो. बोल्ट निघाल्यावर कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवून सरळ वर उचलावी, म्हणजे बूट फाटत नाही. प्रत्येक कॉइलवर मार्करने सिलिंडरचा आकडा लिहावा.

कॉइल निघाल्यावर लगेच पाना आत घालू नये. टॉर्चच्या प्रकाशात प्लगच्या खड्ड्यात नीट पाहावे. तिथे साचलेली माती, वाळू किंवा पानांचा चुरा प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडतो, म्हणून हवेच्या पंपाने खड्डा आधी फुंकून घ्यावा, आणि तसे करताना डोळ्यांवर चष्मा असावा. मग आतून रबर किंवा चुंबक असलेला प्लग पाना वापरावा. माप गाडीगणिक वेगळे असते. आजच्या बऱ्याच गाड्यांत १६ मिलिमीटरचा, काहींत १४ चा आणि जुन्या गाड्यांत २०.८ चा पाना लागतो. पहिला पाव फेरा सुटल्यावर प्लग अडू लागला तर जोर करू नये. आट्यांवर तेलाचे थोडे थेंब सोडावेत, काही वेळ थांबावे आणि थोडा आत, थोडा बाहेर असे करत काढावा.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा आकडे लिहिलेल्या कागदावर ठेवावेत. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे एकदा हरवले, की पुढे काहीच वाचता येत नाही.

प्लगच्या सिरॅमिकवरची रेघ

प्लगचे टोक सगळेच पाहतात, पण परत येणाऱ्या मिसिंगचे उत्तर अनेकदा वरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर असते. पुण्यातल्या एका परिचितांच्या सीएनजी गाडीचे उदाहरण इथे देण्याजोगे आहे. दर पावसाळ्यात ती गाडी घाटात मिसिंग करायची, एका गॅरेजमध्ये दरवेळी चारही प्लग नवे बसवले जायचे आणि काही दिवसांनी तक्रार परत यायची. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून स्वच्छ कपड्याने पुसला, तेव्हा सिरॅमिकवर वरच्या टोकापासून, पाना बसतो त्या धातूच्या षट्कोनापर्यंत उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ दिसली. ती नखाने निघत नव्हती. मग त्याच कॉइलचा रबरी बूट काढून, ब्लेडने उभा चिरून उलगडला, तर आतल्या बाजूला अगदी तशीच रेघ, तीही समोरासमोर. ठिणगी टोकाशी पडण्याऐवजी सिरॅमिकच्या बाहेरून, बुटाच्या आतून, षट्कोनाकडे पळत होती. एकदा वीज अशी पळाली की तिच्या मार्गावर कार्बन जमतो, कार्बन वीजवाहक असल्याने पुढच्या वेळी तोच मार्ग तिला अधिक सोपा होतो, आणि त्या बुटात नवा प्लग घातला तर थोड्याच दिवसांत नव्या सिरॅमिकवरही तशीच रेघ उमटते. दरवेळी प्लग बदलले गेले, बूट तोच राहिला. त्या सिलिंडरचा प्लग आणि बूट एकाच वेळी नवे बसवल्यावर त्या गाडीची तक्रार थांबली.

या रेघेशी गल्लत होईल अशी आणखी एक खूण असते. षट्कोनाच्या अगदी वर, सिरॅमिकच्या बुडाशी, चहाच्या डागासारखा तपकिरी कडे दिसतो. हा कोरोनाचा डाग आहे. उच्च व्होल्टेजमुळे आजूबाजूच्या हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. आतला वायू गळतो आहे असे समजून अनेक जण चांगले प्लग फेकून देतात, पण हा डाग निरुपद्रवी असतो. रेघ उभी आणि काळी असते, डाग आडवा आणि तपकिरी असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

बूट कॉइलपासून वेगळा मिळत असेल तर नुसता बूट आणि आतली स्प्रिंग बदलून भागते, नसेल तर कॉइलच घ्यावी लागते. बसवताना बुटाच्या तोंडाशी आतून सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्यावा. त्याने ओलावा शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट प्लगला चिकटून फाटत नाही. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, त्यामुळे स्प्रिंग आणि प्लगचे टोक जिथे टेकतात तिथे ते थापू नये. साधे बेअरिंगचे ग्रीस कदापि वापरू नये, त्याने रबर फुगते.

खड्ड्यात तेल, पाणी किंवा उंदराच्या खुणा

प्लग काढताना खड्ड्यात तेल दिसले, तर टॅपेट कव्हरचे गॅस्केट किंवा प्लगच्या नळीभोवतीची गोल सील गेली आहे. तेलात बुडालेला बूट मऊ पडतो, फुगतो आणि वर सांगितल्याप्रमाणे वीज गळू लागते. इथे प्लग आणि कॉइल दोन्ही बदलूनही सील तीच ठेवली तर काही महिन्यांत पुन्हा तेच घडणार. गॅस्केटचे काम तुलनेने सोपे आहे आणि ते आधी करावे.

पाण्याचे कारण आपल्याकडे फार मोठे आहे. कोकणात आणि मुंबईत चार महिने पाऊस असतोच, पण त्याहून अधिक पाणी वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुताना प्लगच्या खड्ड्यात शिरते. तिथून ते आपोआप बाहेर पडत नाही. खड्ड्याच्या बुडाशी गंज, प्लगच्या षट्कोनावर तांबूस थर आणि स्प्रिंगवर हिरवट पांढरी बुरशीसारखी जमा ही त्याची खूण आहे. इंजिन ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते, प्रेशरचे पाणी कॉइलवर मारू देऊ नये. धुतल्यानंतरच मिसिंग सुरू झाले असेल, तर कॉइल काढून खड्डे कोरडे करावेत आणि गंज लागलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात.

उघड्यावर किंवा सोसायटीच्या तळघरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कॉइलच्या आणि इंजेक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. वायर अर्धवट तुटलेली असेल तर दोष येतो आणि जातो, त्यामुळे तो सापडणे कठीण होते. इंजिन स्लोवर चालू ठेवून, फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर ठेवून, वायरिंगचा जुडगा सुक्या लाकडी काठीने हळूच हलवावा. त्या क्षणी थरथर बदलली तर दोष तिथेच आहे. तुटलेली वायर नुसती पिळून चिकटपट्टी लावणे टिकत नाही, ती सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

अदलाबदल करून दोष नक्की करणे

इंजिनावर स्वतंत्र कॉइल असतील तर घरच्या तपासणीत अदलाबदलीइतकी भरवशाची दुसरी पद्धत नाही. आजच्या अनेक कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विच आतच असतो, त्यामुळे मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स मोजण्याला फारसा अर्थ राहत नाही. समजा पी०३०३ येतो आहे. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवावी, प्लग आणि बाकी काहीही हलवू नये, कोड पुसावा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग होत असे त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. कोड पी०३०१ झाला तर कॉइल किंवा तिचा बूट दोषी. पी०३०३ च राहिला तर पुढच्या पायरीत प्लगांची अदलाबदल करावी. तरीही दोष तिसऱ्यावरच राहिला, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन एवढेच उरते.

एका वेळी एकच भाग हलवायचा, हा नियम इथे काटेकोरपणे पाळावा. प्लग आणि कॉइल दोन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर काय बिघडले होते हे कळत नाही, आणि तक्रार परत आली की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

प्लगच्या जाड वायरी असलेल्या जुन्या गाड्यांत दोन-दोन सिलिंडरांना एक कॉइल असते, बहुधा पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशी जोडी. जोडीतले दोन्ही सिलिंडर मारत, म्हणजे पेटत, नसतील तर कॉइल, एकच मारत नसेल तर त्याची वायर किंवा प्लग, असा सरळ हिशोब करता येतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू असताना, दूर उभे राहून वायरींवर स्प्रे बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा दिला तर गळणाऱ्या वायरीभोवती निळसर ठिणग्या स्पष्ट दिसतात. चालू इंजिनात हाताने एकेक वायर उपटून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. जबर झटका बसतो आणि मोकळ्या सोडलेल्या वायरीमुळे कॉइलचे आतले इन्सुलेशन फाटते.

टोकाचा रंग काय सांगतो

निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा करडे असते. चारही प्लग एकसारखे कोरडे काळे, काजळी बसलेले निघाले, तर इंजिनाला इंधन जास्त मिळते आहे किंवा प्लग पुरेसे तापत नाहीत. प्लगच्या टोकावरची काजळी आपोआप जळून जाण्यासाठी ते साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. रोज घर ते स्टेशन एवढाच दीड-दोन किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या गाडीत ते कधीच तापत नाही. चोंदलेला एअर फिल्टर आणि गळणारे इंजेक्टर ही कारणे सर्वांना माहीत असतात, पण एका कारणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. गाडी गरम होते म्हणून अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारी झडप, काढून टाकला जातो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हायवेवर, विशेषतः हिवाळ्यात, नीट तापत नाही, इंजिन अजून थंडच आहे असे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, अधिक इंधन देत राहतो आणि प्लग काळे पडत राहतात. जुन्या गाडीत वारंवार काळे प्लग निघत असतील तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे विचारूनच घ्यावे.

एकच प्लग ओला, तेलकट काळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये तेल चढते आहे. सकाळी सुरू करताच निळसर धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सील, आणि वेग घेताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा, असा अंदाज बांधता येतो. अशा ठिकाणी प्लग बदलणे म्हणजे केवळ वेळ काढणे आहे.

सर्वात जपून वाचण्यासारखा प्लग म्हणजे इतर तिघांपेक्षा अकारण स्वच्छ, धुतल्यासारखा पांढरा निघालेला एक प्लग. त्याच वेळी कूलंट हळूहळू कमी होत असेल आणि सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंदच मिसिंग होत असेल, तर हेड गॅस्केटमधून कूलंट त्या सिलिंडरमध्ये झिरपत आहे आणि वाफेने प्लग धुतला जात आहे. हे लक्षात येताच गाडी गॅरेजला न्यावी. चारही प्लग पांढरे, टोकाला फोड आलेले असतील, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी आहे, किंवा प्लगची हीट रेंज, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, चुकीची आहे.

चुकीचा प्लग किंवा चुकीची बसवणी

दुकानदाराने चालेल म्हणून दिलेला प्लग हेही तक्रार परत येण्याचे मोठे कारण आहे. एनजीकेच्या बीकेआर६ई-११ या क्रमांकाकडे पाहा. त्यातील बीके म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा षट्कोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची १९ मिलिमीटर लांबी आणि ११ म्हणजे १.१ मिलिमीटरची गॅप. एनजीके आणि डेन्सोमध्ये हीट रेंजचा आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा होतो, बॉशमध्ये तो कमी झाला की. एनजीकेचा ६ आणि डेन्सोचा २० हे समान आहेत. त्यामुळे कंपनी बदलताना आकड्यावरून अंदाज न करता, दोन्ही कंपन्यांच्या तक्त्यात आपल्या गाडीचे मॉडेल आणि वर्ष पाहूनच प्लग घ्यावा. रेझिस्टर नसलेला प्लग आधुनिक गाडीत बसवला तर त्याच्या विद्युत गोंगाटाने सेन्सरांचे संदेश बिघडू शकतात. लांबी चुकली तर प्लग पिस्टनवर आदळण्यापर्यंत अनर्थ होतो.

गॅप फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने, मोजावी. पेट्रोल गाड्यांत ती बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते आणि सीएनजीसाठी अनेकदा त्याहून थोडी कमी सांगितलेली असते, पण अंतिम शब्द आपल्या गाडीच्या पुस्तिकेचा. इरिडियम प्लगचे मधले टोक सुईसारखे बारीक असते. त्याच्यावर नाण्यासारखा गोल गेज दाबून फिरवला तर ते तुटते, म्हणून गॅप बरोबर नसेल तर तो प्लग परत द्यावा. हातातून जमिनीवर पडलेला प्लगही बसवू नये. सिरॅमिकला आत गेलेला तडा बाहेरून दिसत नाही आणि तेच पुढे महिनाभर छळते. काही प्लगांच्या वरच्या टोकाला फिरकीची टोपी असते. ती सैल असेल तर पक्कडीने हलकेच आवळावी, कारण सैल टोपी भार पडल्यावर मिसिंग करते आणि सहज सापडत नाही.

प्लग बसवताना पहिले चार-पाच फेरे पान्याने देऊ नयेत. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवावा आणि त्याने फिरवत प्लग आत न्यावा. आटे तिरके लागले तर पाइप प्लगवरच घसरतो, जोर देऊ शकत नाही, आणि हेड वाचते. बूड टेकल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळणारा पाना, वापरावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगसाठी साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्यासाठी १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. वॉशर आधीच दबलेला जुना प्लग परत बसवत असाल तर घड्याळाच्या एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत, एवढाच फेरा पुरतो. वॉशर नसलेल्या, शंकूसारखे बूड असलेल्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग पुरेसा असतो. सैल राहिलेला प्लग आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि जळतो, अति आवळलेला प्लग आटे ताणतो. आट्यांना कॉपर ग्रीस लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण मुलामा दिलेल्या आट्यांच्या प्लगला त्याची गरज नसते आणि ग्रीसमुळे घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग अधिक आवळला जातो.

कॉइल, प्लग, बूट सगळे ठीक, तरीही एकच सिलिंडर मारत नाही

अशा वेळी कॉम्प्रेशन मोजावे. सगळे प्लग काढून, इंधन आणि कॉइल बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा असतो. बहुतेक इंजिनांत आकडा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. एक सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

बरेच किलोमीटर झालेल्या सीएनजी गाड्यांत हे व्हॉल्व्हचे कारण नेहमी मनात ठेवावे. गॅस कोरडा असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, गॅप कमी होते. इंजिन तापले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गरम इंजिन स्लोवर थरथरते, आणि थंड असताना मात्र सर्व ठीक असते. ज्या इंजिनांत टॅपेट हाताने जुळवायचे असतात, तिथे ही गॅप वेळेवर तपासून घेतली तर हेड उतरवण्याचा खर्च पुष्कळ लांबतो. कॉम्प्रेशन कमी निघाल्यानंतरचे काम घरी करण्यासारखे नाही. मोजलेले आकडे सिलिंडरप्रमाणे लिहून गॅरेजमध्ये द्यावेत.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावा आणि साधारण पाचशे किलोमीटरनंतर, गाडी ठीक चालत असली तरी, ज्या सिलिंडरची तक्रार होती त्याचा प्लग एकदा काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी, सिरॅमिक पांढरे आणि बूट कोरडा असेल तर तो पुन्हा योग्य फेऱ्याने बसवावा आणि सर्व्हिसच्या वहीत प्लगचा पूर्ण क्रमांक, गॅप, किलोमीटर आणि कोणत्या सिलिंडरचे काय बदलले याची नोंद करावी. साध्या निकेलच्या प्लगला पेट्रोलवर वीस ते चाळीस हजार किलोमीटर, आणि इरिडियमला त्याच्या दुपटीहून अधिक आयुष्य धरावे. सीएनजीवर दोन्हींचे आयुष्य कमी होते, तेव्हा पुढच्या बदलाचा आकडाही त्याच पानावर आधीच लिहून ठेवावा.